चार प्लग, अख्खी गल्ली

सोलापुरात कुठलीही गोष्ट बिघडली की पहिला संशय उन्हावर जातो. दूध नासलं, ऊन. लग्नात व्याही रुसला, ऊन. नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं नाही, तेही उन्हामुळंच. उन्हाचा मोठा फायदा असा की त्याला कुणी जाब विचारू शकत नाही आणि त्याची दुरुस्ती आपल्याला करावी लागत नाही. त्यामुळं ऐन एप्रिलात सात रस्त्याच्या सिग्नलला आमची मोटार उभ्या उभ्या गदगदा हलू लागली, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

"अहो, गाडी थरथरतेय," सौभाग्यवती म्हणाल्या.

"ऊन आहे."

"ऊन मलाही लागतंय. मी थरथरतेय का?"

उत्तर सुचायच्या आत सिग्नल सुटला. गाडीनं दोन आचके दिले आणि तिसऱ्या आचक्याला पुढं सरकली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नाही. नुसता शेजारून जाताना आत डोकावून गेला. हॉर्नपेक्षा हे जास्त लागतं.

पुढं दुखणं वाढतच गेलं. आसरा पुलाच्या चढाला गाडीचा जीव इतका कासावीस व्हायचा की शेजारून हातगाडा ढकलत चाललेला शेंगावाला "ढकलू का मालक?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पुढं निघून जायचा. सपाटीला ठीक. थांबलं की पुन्हा अंगात यायचं. ॲव्हरेज तर किती पडलं होतं हे मलाही कळेना, कारण ते आधी किती होतं हेच खरं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ॲव्हरेजच्या बाबतीत खरं बोलणारा मोटारवाला मला अजून भेटायचा आहे. तेरा पडत असेल तर माणूस अठरा सांगतो, समोरचा अठरा म्हणाला तर स्वतःचं एकवीस करतो. घरचा पगार कमी करून सांगणारी आणि गाडीचं ॲव्हरेज वाढवून सांगणारी माणसं एकच असतात.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. स्टाफरूममध्ये विषय काढला आणि सगळ्या विद्याशाखा एकदम जाग्या झाल्या. रसायनवाले म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. इतिहासवाले म्हणाले, गाडीचा काळ संपला, विकून टाका. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फार ताण घेऊन चालवता." जिमखान्याच्या सरांनी डोळे मिटून निदान केलं, "क्लच." त्यांचं प्रत्येक निदान क्लचच असतं, विद्यार्थ्याच्या गुडघ्याचंसुद्धा. एवढ्यात चहा घेऊन आलेला आमचा शिपाई कप ठेवता ठेवता म्हणाला,

"सर, गाडी मिसिंग करलालीय. प्लग बघितलाव का?"

मी त्याच्याकडं दयाळूपणानं पाहिलं. त्याची जुनी मोपेड. मोपेडला काय, एकच प्लग असतो, बंद पडली की काढायचा, पुसायचा, लावायचा. मोटारीच्या दुखण्याला इतकं स्वस्त कारण असणं मला अपमानास्पद वाटलं. ज्या गाडीचे हप्ते फेडताना आपले केस गेले, ती दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूवरून अडेल? मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत वर्गात शिकवणं वेगळं. आजार महाग असला तरच घराण्याला शोभतो, हा आपल्याकडचा खरा सिद्धांत.

तेव्हा गाडी हायवेलगतच्या एका वातानुकूलित सर्व्हिस सेंटरात नेली. तिथं गाडीच्या आधी मालकाला थंड करतात. टाय लावलेल्या एका तरुणानं मला कॉफी दिली, गाडीला वायर लावली आणि हातातल्या पाटीवर बोट फिरवत गंभीर झाला.

"सर, इंजेक्टर क्लीनिंग करून घेऊ. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. इंजिन फ्लश. इंजिन ड्रेसिंग."

"ड्रेसिंग? जखम झालीय?"

"नाही सर, चकाकी येते."

यादी लांबत गेली. एसीचं निर्जंतुकीकरण होतं, खालच्या पत्र्याला लेप होता, चाकांचं अलाइनमेंट होतं. सगळ्यात खाली, डॅशबोर्डवर ठेवायच्या अत्तराच्याही खाली, चार स्पार्क प्लग होते. बेरीज पाच आकडी झाली.

"नुसते प्लग बदलले तर?"

तरुणानं टाय सैल केला. "सर, तसं अर्धवट काम आम्ही सुचवत नाही."

मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो. हे वाक्य सोलापुरात चादरीच्या दुकानापासून वधूवर मेळाव्यापर्यंत सगळीकडं चालतं आणि त्याचा अर्थ समोरच्याला बरोबर कळतो.

घरी येऊन पहिल्यांदाच गाडीचं पुस्तक काढलं. ते समोरच्या खणात, अक्कलकोटच्या अंगाऱ्याची पुडी, टेंभुर्णीच्या चहाची बिलं आणि मुदत संपलेलं पीयूसी या सगळ्यांच्या तळाशी होतं. सोबत हत्यारांची पिशवी. ही पिशवी आमच्या घरात दर खंडेनवमीला निघते. तिच्यावर हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो, नारळ फोडतो आणि दुसऱ्या दिवशी परत आत. आतल्या पान्यांवर इतक्या वर्षांचं कुंकू होतं, पण तेलाचा एक डाग नव्हता. सीमोल्लंघनाला जाताना चारी चाकांखाली लिंबं चिरडणारा माणूस त्याच गाडीतल्या ऑइलची पट्टी वर्षानुवर्षं ओढून बघत नाही. लिंबाचा भाव शेकड्याला काय चाललाय ते मात्र त्याला पाठ असतं.

पुस्तक वाचताना प्लगबद्दलचा माझा आदर वाढला. तो बिचारा एकच काम करतो. पेट्रोलची वाफ आणि हवा सिलिंडरमध्ये दाबली गेली की नेमक्या क्षणी आपल्या टोकाशी ठिणगी पाडायची. टोकाला साधारण एक मिलिमीटरची फट असते, एखाद्या गाडीत थोडी कमी, एखाद्यात थोडी जास्त. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल चढवत नेते आणि पंधरा-वीस हजार व्होल्टवर ती ठिणगी त्या फटीवरून उडी मारते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एक प्लग सेकंदाला पंचवीस ठिणग्या पाडतो. चौघांच्या मिळून शंभर. हे सगळं अंधारात, आगीत, कौतुकाशिवाय. आमच्या स्टाफरूममध्ये ठिणगी सहामाहीला एकदा पडते, तीही टाइमटेबलवरून, आणि तिचा वास पुढची सहामाही राहतो.

साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटर झाले की बदलावा, असं सांगतात. इरिडियमचा असेल तर लाखापर्यंत जातो. आमचे साधे होते आणि काट्यावर सत्तर हजार झाले होते. म्हणजे कायद्यानं ते केव्हाच निवृत्त झाले होते आणि मुदतवाढीवर रेटत होते.

इथं मला आमच्या मामांची आठवण येणं अपरिहार्य आहे. मामांकडं पद्मिनी होती. कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी', तोंडात 'फियाट'. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली हे मामांना मान्य होतं, पण तिचं मूळ गाव सोलापूर, याबद्दल ते ठाम होते. कारण प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींचे कारखाने उभे करणारा माणूस आपल्या गावचा. मग त्याच्या कंपनीची गाडी बंद पडली तर मेकॅनिककडं नेणं म्हणजे घरचं भांडण चव्हाट्यावर नेणं. मामा ते कधी करायचे नाहीत. गाडी मात्र वारंवार बंद पडायची.

दर रविवारी सकाळी अंगणात पेपर अंथरला जायचा. अग्रलेखाचं पान वर, कारण मामांच्या मते ते तेल चांगलं शोषतं. मग बॉनेट उघडायचं, आणि पान्यानं एकेक प्लग काढून ओळीनं पेपरवर. डबीत पेट्रोल, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर. मामा प्लग घासायचे, उन्हाकडं धरायचे, एक डोळा मिटून फट बघायचे. "दोन नंबर काळा आलाय. मिक्श्चर रिच व्हायलंय." आम्हा भाच्यांना 'रिच' म्हणजे श्रीमंत एवढंच माहीत. आपल्या मामांच्या गाडीत काहीतरी श्रीमंत आहे याचाच आनंद. प्लग मागायचा असेल तर दुकानात जाऊन 'मायको द्या' म्हणायचं. १९५१ साली निघालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण तोवर मामांची पिढी दुसरं नाव शिकायच्या पलीकडं गेली होती. साफ केलेला जादा सेट तंबाखूच्या डब्यात ठेवलेला असे. एकदा तुळजापूरच्या घाटात मामांनी पान लावायला तोच डबा उघडला आणि मामींनी त्यांना तिथल्या तिथं देवीची शपथ घालून तंबाखू सोडायला लावली. तंबाखू सुटली नाही, डबा बदलला.

मामींची तक्रार एकच होती. "गाडीचं सगळं खोलतात. घरातला पंखा वर्षभर खाडखाड करतोय, त्याला हात नाही." मामांचं उत्तर तयार असे, "पंख्याला प्लग नसतो."

तेव्हा बॉनेट उघडलं की आतला रस्ता दिसायचा, खाली जमिनीवर पडलेला पानाही दिसायचा. आता बॉनेट उघडलं की एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि त्यावर कंपनीचं नाव. आमची गाडी जुनी असल्यामुळं झाकणाखाली निदान चार वायरी ओळखू येत होत्या. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, वायर दिसतच नाही.

तर, मामांचं रक्त अंगात उसळलं आणि मी प्लग आणायला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानाच्या काउंटरवर मालकाला जे प्रश्न विचारतात, ते पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही मला कुणी विचारले नव्हते.

"कुठलं मॉडेल?"

सांगितलं.

"साल?"

सांगितलं.

"बीएस थ्री का फोर?"

"पांढरी."

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "आटा लांब का आखूड? पाना सोळाचा का एकवीसचा?"

शेजारी उभं असलेलं ग्रीसनं माखलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं म्हणालं, "सोळाचा द्या ओ त्यांना," आणि माझी अब्रू वाचली. पोरानं मला फुकटात दोन गोष्टी आणखी सांगितल्या. खोका उघडून प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग तडकलेलं नाही ना ते बघा, आणि स्वस्तात इरिडियम कुणी देत असेल तर घेऊ नका, ते फक्त खोक्यावर असतंय. मी चार साधे प्लग घेतले. पिशवीतला प्लगचा पाना कुंकवानं माखलेला का असेना, सोळाचाच निघाला.

आता प्रश्न मुहूर्ताचा. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'इंजिन पूर्ण गार झाल्यावरच प्लग काढावेत.' त्याला कारण आहे. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग पिळला तर हेडमधले आटे निघून येतात आणि मग मात्र सर्व्हिस सेंटरातल्या त्या तरुणाची यादी खरी होते. पण हे पुस्तक ज्यानं लिहिलं तो मे महिन्यात सोलापुरात आलेला नसावा. पारा बेचाळीसवर. रात्री अकरा वाजता बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता, आणि गाडी तर दिवसभर जागची हलली नव्हती. गार म्हणजे किती गार? शेवटी पहाटे साडेपाचची वेळ धरली. त्या वेळी सोलापुरात इंजिन आणि माणूस दोन्ही जरा माणसात असतात.

मी बॉनेट उघडलं. कर्र असा आवाज झाला. बस. एवढ्या आवाजावर गल्ली जागी झाली.

उघडं बॉनेट हे आपल्याकडचं सर्वात जुनं सार्वजनिक व्यासपीठ आहे. त्याला परवानगी लागत नाही, मंडप लागत नाही आणि वक्ते आपोआप येतात. आमच्या गावात तर ते चार भाषांतून येतात. फिरायला निघालेले आप्पा थांबले, "एनात्री?" पूर्व भागातून टॉवेलचे गठ्ठे घेऊन चाललेला टेम्पोवाला उतरला, "एमैंदी सार?" दूधवाल्यानं सायकल भिंतीला लावली, "क्या मालक, गरम हो गई क्या?" आणि मराठीत विचारायला आमचे शेजारी रेल्वेकाका आले, गळ्यात टॉवेल, तोंडात ब्रश.

रेल्वेकाकांचा इंजिनावर अधिकार आहे. "तीस वर्षं इंजिनाजवळ काढलीत मी," हे त्यांचं प्रस्तावनेचं वाक्य. ते बुकिंग ऑफिसात होते. इंजिन खिडकीतून दिसत असे.

"आधी पाणी मारा," काका म्हणाले. "आज नळ आलाय. पाइप लावा, इंजिन स्वच्छ धुवा, मग हात घाला."

हा सल्ला मानला असता तर प्लगांच्या विहिरी पाण्यानं भरल्या असत्या आणि गाडी आणखी आठवडाभर खोकली असती. पण तो मोडून काढला तो सौभाग्यवतींनी, आणि तोही यांत्रिक कारणानं नव्हे. "चार दिवसांनी पाणी आलंय. इंजिनाला पाजायला नाही आलेलं." पाइप बंद झाला.

खरी गोष्ट उलटी असते. वायर काढली की प्लगभोवती साचलेली धूळ आधी फुंकून टाकायची, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरात उतरते. सोलापूरची धूळ म्हणजे साधीसुधी नव्हे, काळ्या रानाची. मी सायकलचा पंप आणून हवा मारली. ती सगळी रेल्वेकाकांच्या ब्रशवर बसली. ते दात घासत राहिले.

पहिला प्लग निघाला. टोकाला बिस्किटी रंग. हा रंग चांगला, इंजिन नीट जळतंय याची खूण. दुसराही बिस्किटी. तिसरा काजळी धरून काळा. चौथ्याची फट झिजून इतकी रुंदावली होती की तिच्यातून आप्पांनी समोरचं घर पाहिलं. मग चारी प्लग हातोहात फिरू लागले. काळा आहे म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं टेम्पोवाला म्हणाला. ओला असता तर ऑइल वर चढतंय, पांढरा फटक असता तर जास्त तापतोय, हे त्यानं बोटांवर मोजून सांगितलं, आणि ते सगळं बरोबर होतं. पण त्यानं आवाज चढवला नाही, त्यामुळं कुणी ऐकलं नाही. आप्पांनी प्लग आडवा धरून सांगितलं की गाडी दक्षिणेकडं तोंड करून लावत जाऊ नका.

नव्या प्लगची फट तपासायला फिलर गेज लागतो. तो कुणाकडंच नव्हता, त्यामुळं सगळ्यांकडं पर्याय होता. एकानं हॅक्सॉचं पातं सुचवलं, एकानं दाढीचं. दूधवाला म्हणाला, "जुनं दहा पैशाचं नाणं बसतं." दहा पैशाचं नाणं शोधायला एक मुलगा घरी गेला तो परत आलाच नाही, बहुधा अजून शोधतोय. तेवढ्यात एक नवा प्लग काकांच्या हातातून फरशीवर पडला आणि त्याची फट मिटली. "चालतंय," काका म्हणाले, "आता ठिणगीला उडी कमी." ठिणगीला उडीच उरली नव्हती, हे मी बोललो नाही. टेम्पोवाल्यानं मुकाट्यानं तो घेतला, बाजूचं टोक हळूच उचलून बाकीच्या तिघांशी जुळवला आणि परत दिला.

बसवताना पहिले आटे हातानंच धरवायचे. विहीर खोल असेल तर पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घालून त्यानं फिरवायचं. आटा चुकत असेल तर रबर आपोआप घसरतं आणि हेड वाचतं. ही युक्तीही टेम्पोवाल्याचीच. मग वॉशर टेकला की पान्यानं अर्ध्या फेऱ्याच्या जरा पुढं, बस्स. पण 'बस्स' हा शब्द आपल्याकडं पान्याला लागू नाही. नळ, नातं आणि नट, घट्ट असलं की भलं, अशी आपली समजूत. "अजून एक आवळा," आप्पा म्हणाले. "अजून जरा," दूधवाला. काकांनी टॉवेल कमरेला बांधला. "द्या इकडं, तुमच्यानं काय व्हायचंय!" मी पाना पाठीमागं लपवला आणि काकांना एक ऐतिहासिक माहिती विचारली, मीटरगेज सोलापुरातून कधी गेली. ते बोलू लागले. तेवढ्यात मी उरलेले तीन बसवले.

"आपल्या गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे," काका मध्येच मीटरगेज सोडून म्हणाले. "१९९२ पासून. जगभरच्या मोटारींत इथले कॅमशाफ्ट फिरतात. अन् तुम्हाला चार प्लग लावायला पहाट लागली!"

अभिमान आणि टोमणा एकाच वाक्यात बसवणं ही सोलापूरची खास कारागिरी.

वायरी लावायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला कार्यात आपला हात लागावा असं वाटू लागलं. एक वायर आप्पांनी लावली, एक काकांनी, एक दूधवाल्यानं. मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि 'फाट्' असा आवाज झाला, की कोपऱ्यावरचं कुत्रं थेट विजापूर रोडच्या दिशेनं निघालं. गॅलऱ्या भरल्या.

"सांगितलं नव्हतं का," काका म्हणाले, "आवळले नाहीत!"

"इंजिनचं काम निघालं," दूधवाला.

"हेड उतरावं लागंल," आप्पा. दक्षिण दिशेचा पुन्हा उल्लेख झाला.

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "रिक्षा बोलवू का?"

त्याच वेळी कोपऱ्यावरचे मिस्त्री दुधाची पिशवी घेऊन परत चालले होते. ते थांबले. कुणाला काही विचारलं नाही. हेच त्यांचं मोठेपण. गर्दीतून वाट काढून आत वाकले, दोन सेकंद बघितलं.

"एक अन् दोनची वायर अदलाबदल झालीय."

"तुम्हाला कसं कळलं?" मी थक्क होऊन विचारलं.

"वायरीवर नंबर लिवलेत की, मालक."

लिहिलेले होते. मोठ्या अक्षरांत. एक, दोन, तीन, चार. चार सिलिंडर बहुधा एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं पेटतात, तो क्रम चुकला की असा बार उडतो, एवढं मिस्त्री वायरी बदलता बदलता बोलले आणि दूध नासेल म्हणून निघाले. पैसे विचारले तर म्हणाले, "वाचायचे कसले पैसे?"

गाडी सुरू झाली. अशी सुरू झाली की सुरू आहे हे कळायला आरशाला टांगलेलं अत्तराचं झुंबर निरखावं लागलं. ते हलत नव्हतं. गर्दी जरा खट्टू झाली. दुरुस्त झालेली गाडी बघायला कोण थांबतं? दूधवाला गेला. टेम्पोवाल्याला मी चहाला थांबवत होतो, पण त्याचे टॉवेल टेक्स्टाइलच्या गाडीत चढायचे होते. एकटे काका थांबले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आम्ही केली दुरुस्त. प्लग गेले होते. मी पहिल्यांदाच बोललो होतो." सोमवारी कॉलेजात शिपायाला मी आपणहून नमस्कार केला. तो घाबरला. सहसा असं झाल्यावर त्याला फाइली उचलायला लावतात.

रविवारी सकाळी काका पाना मागायला आले.

"माझीही गाडी जरा मंद वाटतेय. म्हटलं आपणच बदलावेत. तुमचं बघून शिकलोय."

त्यांनी नवे चार प्लगही आणून ठेवले होते, माझ्याच दुकानातून, माझ्याच मापाचे. साडेपाचला त्यांचं बॉनेट कर्र वाजलं. आप्पा आले, दूधवाला आला. मी नेमकी दाढी करत होतो. सात वाजले, आठ वाजले, ऊन अंगावर आलं. काकांनी वरचं झाकण काढलं होतं, हवेचा फिल्टर काढला होता, बॅटरी सोडवली होती, आणि टॉर्च तोंडात धरून आत वाकले होते.

"काय झालं काका?"

"प्लगच सापडेनात. कंपनीनं कुठं दडवलेत कुणास ठाऊक."

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा ब्रश करत खाली उतरला. त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतलं स्टिकर वाचलं.

"काका, ही डिझेल आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं."

गल्ली शांत झाली. मुलाला दया आली. "म्हणजे ग्लो प्लग असतात तसे. पण ते थंडीत गाडी लवकर सुरू व्हावी म्हणून."

काकांनी टॉर्च तोंडातून काढला. सोडवलेली बॅटरी, फिल्टर, झाकण, चार नवे प्लग आणि आम्ही सगळे, या सर्वांवरून एकदा शांतपणे नजर फिरवली.

"सोलापुरात कुठली आलीय थंडी?" ते म्हणाले. "म्हणूनच तर मी डिझेल घेतली. प्लगची भानगडच नको."

आणि ते चार प्लग त्यांनी मला विकत घ्यायला लावले, खोक्यावरच्या किमतीला.